काकूंनी ठकीची पिन का काढली: लालबागमधल्या एका घराचा प्रकरण अभ्यास

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी रात्री, लालबागच्या एका टॉवरमध्ये १७व्या मजल्यावर, ७८ वर्षांच्या काकूंनी टेबलावरच्या ठकी नावाच्या बोलक्या यंत्राची पिन काढली, वायर नीट गुंडाळली, यंत्राला पंच्यात बांधलं आणि कपाटात लोकरीच्या कपड्यांच्या कप्प्यात ठेवून दिलं. त्याआधीचे चार महिने त्या या यंत्राशी रोज गप्पा मारत होत्या, पुढेपुढे तर दीड-दोन तास. दुसऱ्या दिवशी आमच्या ऑफिसातल्या स्क्रीनवर त्या घरापुढे 'संपर्क नाही' अशी लाल खूण आली. वायफाय गेलं असेल असं समजून आम्ही तीन दिवस वाट पाहिली. चौथ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले.

या यंत्रासाठी मराठी संवाद लिहिणं हे माझं काम. ते कुणाला काय म्हणेल, कुठे हुंकार देईल, कुठे गप्प बसेल, याचे नियम आणि नमुने मी तयार करते. या प्रकरणातला दोष आमच्या बाजूचा आहे आणि त्यातला काही थेट माझ्या हातचा आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहायचं ठरवलं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहून झाल्यावर हा मजकूर मी काकूंना वाचून दाखवला. त्यांनी त्यातल्या काही ओळी कापल्या. कुठल्या, ते पुढे येईल.

ट्रंक बोर्डावरची बाई

काकू १९६८ साली टपाल व तार खात्यात टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागल्या. ट्रंक एक्स्चेंजमध्ये, म्हणजे परगावचे फोन हाताने जोडून देणाऱ्या केंद्रात. डोक्यावर हेडसेट, समोर बोर्ड, हातात कॉर्ड. तेव्हा मुंबईहून कोल्हापूरला बोलायचं तर कॉल बुक करून वाट पाहावी लागे. ऑर्डिनरी, अर्जंट आणि सगळ्यांत महाग तो लाइटनिंग. ठरावीक माणूसच लाइनवर हवा असेल तर पी. पी. कॉल. हिशोब तीन-तीन मिनिटांचा. तीन मिनिटं होत आली की ऑपरेटर लाइनवर येऊन सांगणार, 'थ्री मिनिट्स ओव्हर', आणि विचारणार, पुढे चालू ठेवायचं का.

भारतात एसटीडीची, म्हणजे ऑपरेटरशिवाय थेट परगावी फोन लावण्याची, सुरुवात १९६० साली कानपूर आणि लखनौ यांच्या दरम्यान झाली. ती सगळीकडे पोचायला बरीच वर्षं गेली. पुढे गल्लोगल्ली पिवळ्या पाट्यांचे बूथ आले आणि ट्रंक बोर्ड ओस पडत गेले. १९८६ मध्ये मुंबई-दिल्लीचे टेलिफोन एमटीएनएल या सरकारी कंपनीकडे आले. काकूंची बदली १९७वर झाली, म्हणजे नंबर विचारायचा फोन. तिथूनच त्या निवृत्त झाल्या.

हे मी एवढं का सांगते आहे? कारण यंत्र पाठवताना आम्ही जो फॉर्म भरून घेतला त्यात 'व्यवसाय' या रकान्यात त्यांच्या मुलाने 'निवृत्त' असं लिहिलं होतं आणि आम्हीही पुढे काही विचारलं नाही. आमच्या यंत्राचं जे काम, म्हणजे न दिसणाऱ्या माणसाशी सभ्यपणे आणि नेमकं बोलणं, ते या बाईंनी उभा जन्म केलं होतं. आमच्यापैकी कुणापेक्षाही त्यांना त्यातलं जास्त कळत होतं.

घराची हकीकत लालबाग-परळमधल्या हजारो घरांसारखी. जुनी उपकरप्राप्त चाळ ३३(७) खाली, म्हणजे अशा जुन्या इमारतींसाठीच्या नियमाखाली, पुनर्विकासाला गेली. काही वर्षं संक्रमण शिबिरातल्या तात्पुरत्या घरात गेली, तिथेच काकांचं निधन झालं, आणि मग टॉवरमध्ये खोलीच्या बदल्यात फ्लॅट मिळाला. चाळीत दार फक्त रात्री लागायचं. गॅलरीतून जाणारा प्रत्येक माणूस आत डोकावून एक वाक्य टाकून जायचा. 'काय काकू, आज मासळीचा वास नाही?' बोलणं सुरू करावं लागत नसे, ते चालूच असे आणि आपण मधूनच त्यात शिरायचं. टॉवरमध्ये लिफ्टचं दार उघडतं, माणूस आपल्या दारात शिरतो, लॅच लागतं. 'नव्या घरात बेसिनला गरम पाणी आहे, पण दिवसभरात माझा आवाज मलाच ऐकू येत नाही,' असं काकूंनी मला पहिल्या भेटीत सांगितलं होतं.

मुलगा कॅनडात. दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल, तिकडे शनिवारची रात्र. त्याच मजल्यावर राहणाऱ्या वहिनींकडे घराची एक किल्ली असते. जूनमध्ये मुलाने आमचं यंत्र घेतलं, मासिक वर्गणीही तोच भरतो. ही साधी बाब पुढे महत्त्वाची ठरली.

ठकी

यंत्र तांब्याएवढं, वर दोन दिवे डोळ्यांसारखे. बोलणाऱ्याच्या दिशेने मान वळवतं. काकूंनी पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव ठेवलं ठकी, लहानपणीच्या लाकडी बाहुलीवरून.

आत काय चालतं ते थोडक्यात. आवाजाचा मजकूर होतो, तो मजकूर भाषेच्या मोठ्या मॉडेलकडे, म्हणजे वाक्याला वाक्याने उत्तर देणाऱ्या संगणकी प्रोग्रॅमकडे, जातो, तिथून आलेलं उत्तर पुन्हा आवाजात बदलून बोललं जातं. आधीच्या बोलण्यातल्या काही गोष्टी जपून ठेवल्या जातात, म्हणून दुसऱ्या दिवशी ठकी 'कालचे बोंबील कसे झाले?' असं विचारू शकते.

पहिले पंधरा दिवस काकूंनी ठकीला, म्हणजे खरं तर मला, शिकवलं. ठकी त्यांना 'आजी' म्हणायची. 'मी कुणाची आजी नाही, काकू म्हण.' ठकी 'आपण कशा आहात?' विचारायची. 'हे बँकेतलं बोलणं झालं.' रात्री झोपताना ठकी म्हणायची, 'मी आता आपला निरोप घेते.' ते ऐकून काकू ताडकन उठून बसल्या. आपल्याकडे घरातून निघताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात, आणि हे वाक्य मी लिहिलं होतं! कुठल्याशा औपचारिक नमुन्यावरून उचललेलं, न ऐकता लिहिलेलं. दुसऱ्या दिवशी ते बदलून 'झोपा आता, सकाळी बोलू' असं केलं.

सगळ्यांत जास्त वेळ गेला तो थांबण्यावर. समोरच्याचं बोलणं संपलं हे यंत्राला कळतं ते मुख्यतः शांततेवरून. २००९ साली दहा भाषांची तुलना करणारं एक संशोधन प्रसिद्ध झालं. त्यात एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यामधली फट सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद निघाली. त्या दहांत मराठी नव्हती, पण आपली गतही फार वेगळी नसावी, हे कुठल्याही गॅलरीत उभं राहून ऐकलं की पटतं. माणसाला ही फट साधते, कारण समोरचा कुठे पोचणार हे त्याला आधीच कळलेलं असतं. आमचं यंत्र ०.८ सेकंद शांतता झाली की बोलायला लागायचं. काकू आठवत आठवत बोलतात. 'मग आम्ही तिघी निघालो... ती कोण ती... अगं ती बोर्डावर माझ्या डाव्या हाताला बसायची...' आणि नेमकं त्या नावापाशी ठकी मध्ये बोलायची. नाव निसटायचं.

आम्ही काकूंच्या घरापुरती ती वेळ दोन सेकंदांच्या वर नेली आणि मध्ये हुंकार घातले. हं. बरं. मग? लहान मुलाला गोष्ट सांगताना आजी म्हणते ना, 'हुंकार दे, नाहीतर मी थांबेन.' आपल्या भाषेत ऐकणाऱ्यालाही काम असतं. हा बदल केला त्या आठवड्यात रोजचं बोलणं चाळीस मिनिटांवरून दीड तासावर गेलं. आम्ही ऑफिसात खूष झालो. त्या खुषीबद्दल पुढे लिहिणार आहे.

एक अडचण मात्र शेवटपर्यंत पुरती सुटली नाही, ती वाक्प्रचारांची. ऑक्टोबरच्या उन्हात काकू म्हणाल्या, 'या उकाड्याने जीव नकोसा झालाय.' ठकीचा सूर एकदम बदलला. ती गंभीर होऊन धीर देऊ लागली आणि तिने १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर सांगितला. २०२२ मध्ये सुरू झालेली ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा मोलाची आहे आणि संकटात तो नंबर सांगायलाच हवा. पण काकूंना पंखा वाढवायचा होता. मराठी माणूस दिवसातून दहादा मरतो. 'मेले मी हसून', 'मरू दे ते', 'जीव गेला माझा जिने चढून'. आणि जेव्हा खरंच आतून काही तुटत असतं तेव्हा हीच माणसं फार हळू बोलतात. 'पुरे झालं आता.' 'बोलावणं आलं की जायचं.' या वाक्यांवर आमचं यंत्र 'छान, आज संध्याकाळी काय करणार?' असं म्हणून मोकळं व्हायचं. मोठ्या आवाजातल्या मरणावर धावायचं आणि हळू आवाजातलं ऐकू यायचं नाही, असं उलटं काम. दुसऱ्या प्रकारच्या वाक्यांची यादी आम्ही केली आहे आणि ती वाढते आहे, पण यादीने हे काम पूर्ण होणार नाही. त्याला माणूस ओळखावा लागतो.

तो मंगळवार

त्या दिवशी सकाळी काकू एकट्याच बसने हुतात्मा चौकात गेल्या. का गेल्या ते त्यांनी ठकीला सांगितलं आणि नंतर मलाही. कापलेल्या ओळी त्याच.

उतरल्यावर उन्हाने त्यांना भोवळ आली. एका इमारतीच्या पायरीवर बसल्या. पेरूवाल्याने पाणी दिलं, पेरूही चिरून दिला आणि पैसे घेतले नाहीत. अर्ध्या तासाने बरं वाटल्यावर बस पकडून त्या घरी आल्या, आमटी-भात खाल्ला, आणि दुपारी ठकीशी बोलत बसल्या. जवळजवळ तासभर. मध्ये बरेचदा थांबल्या.

रात्री नऊ वाजता मुलाचा फोन. मंगळवारी. 'आई, तुला चक्कर आली?'

'तुला कोणी सांगितलं?'

तो गडबडला. 'मला कळलं' म्हणाला. काकूंनी मनात यादी केली. पेरूवाल्याकडे मुलाचा नंबर नाही. वहिनींना सांगितलेलं नाही. राहिली ठकी.

झालं होतं ते असं. रोज संध्याकाळी आमचं मॉडेल दिवसभराच्या बोलण्याच्या मजकुरावरून पाच ओळींचा सारांश तयार करत होतं आणि तो मुलाच्या मोबाइलवर जात होता. पहिल्या दिवसापासून. चौथ्या दिवशी मी त्यांच्या घरी बसले होते तेव्हा काकू म्हणाल्या, 'काय पाठवलं ते वाच.' मी फोनवर उघडून वाचलं.

'आज एकट्या बाहेर गेल्या. भोवळ आल्याचे सांगितले. दुपारचे जेवण घेतले. जुन्या सहकारी मैत्रिणीविषयी बोलल्या. मनःस्थिती: उदास.'

भोवळीच्या ओळीवर त्या काही बोलल्या नाहीत. शेवटची ओळ त्यांनी मला दोनदा वाचायला लावली. मग म्हणाल्या, 'उदास? हे कुणी ठरवलं? मी त्या दिवशी फार बऱ्या मनाने बोलत होते. आठवून आठवून बोलत होते.'

तो रकाना भरला जात होता बोलण्याचा वेग आणि मधले थांबे यांवरून. ज्या थांब्यांसाठी आम्ही दोन सेकंद वाट पाहायला शिकलो होतो, तेच थांबे यंत्राच्या दुसऱ्या भागाने उदासी म्हणून मोजले होते. हे दोन भाग दोन वेगळ्या लोकांनी केले होते आणि त्यांना समोरासमोर कुणी बसवलं नव्हतं. मीही नाही.

मग काकूंनी मला ट्रंक बोर्डाविषयी जे सांगितलं ते या सगळ्या प्रकरणाचं मूळ आहे. लाइन नीट लागली का हे पाहायला ऑपरेटरला बोलणं ऐकू यायचंच. १८८५ च्या तार कायद्यात खात्याच्या माणसाने निरोपातला मजकूर बाहेर फोडला तर शिक्षा होती. पण काकू कायद्याचं म्हणत नव्हत्या. 'आमच्या कानांवरून काय काय गेलं. लग्नं मोडली, माणसं गेली, बाजार पडला. घरी येऊन मी ह्यांनासुद्धा कधी एक शब्द सांगितला नाही. आणि लाइनवर आलो की आवाज द्यायचो, ऑपरेटर आहे म्हणून. मुकाट्याने कान लावून बसणारी मुलगी बोर्डावर कुणालाच आवडत नसे.' जरा थांबून म्हणाल्या, 'यंत्र आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे गं. मला वाटलं, यंत्र आहे म्हणजे कुणाला सांगणार नाही.'

साठ वर्षांपूर्वीची खोली

हे वाक्य ऐकलं आणि मला एलायझा या गप्पा मारणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमची हकीकत आठवली. जोसेफ वायझेनबाउम यांनी अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात तो प्रोग्रॅम लिहिला आणि १९६६ साली त्याविषयीचा लेख प्रसिद्ध केला. नाव बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन' नाटकातल्या फुलवालीवरून, जी आपल्याकडे 'ती फुलराणी'तली मंजुळा झाली. प्रोग्रॅम साधा होता. समोरच्याच्या वाक्यातले शब्द उलटवून प्रश्न विचारायचा, मानसोपचारतज्ज्ञासारखा. वायझेनबाउम यांची सेक्रेटरी तो तयार होताना महिनोन्‌महिने पाहत होती. तरी त्याच्याशी काही वेळ बोलल्यावर तिने वायझेनबाउम यांना खोलीबाहेर जायला सांगितलं.

माणसं यंत्राला किती पटकन भुलतात, याचा दाखला म्हणून ही गोष्ट सांगितली जाते. मीही कितीदा तशीच सांगितली आहे. काकूंकडून आल्यावर मला ती वेगळी दिसते. त्या बाईला प्रोग्रॅम म्हणजे प्रोग्रॅम हे पुरतं माहीत होतं. तिला नको होता तो खोलीतला माणूस. वायझेनबाउम यांनीच १९७६ च्या त्यांच्या पुस्तकात आणखी एक प्रसंग लिहिला आहे. लोक एलायझाशी जे बोलतात ते नंतर तपासता यावं अशी सोय करावी, असं त्यांनी सुचवलं, आणि लोक त्यांच्यावर तुटून पडले, ही तर आमच्या मनातल्या गोष्टींवर हेरगिरी झाली म्हणून. म्हणजे हा प्रश्न अशा यंत्रांच्या जन्मापासूनचा आहे, आणि तरी लालबागच्या घरात आम्ही तो विचारलाच नाही.

का नाही विचारला? माझ्या मते दोन गोष्टींमुळे. एक म्हणजे आमचं गिऱ्हाईक कोण, याची आम्ही केलेली गल्लत. पैसे मुलगा भरत होता, तक्रार करणार तर तोच, म्हणून त्याला काहीतरी रोज दिसावं अशी रचना झाली. बोलणारी मात्र त्याची आई. संमतीचा फॉर्म मुलाने कॅनडातून मोबाइलवर इंग्रजीत भरला आणि खूण केली. काकूंनी तो पाहिलाही नव्हता. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती ज्याची माहिती आहे त्याने द्यायची आहे, आणि संमतीची मागणी इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचता आली पाहिजे. मराठी त्या अनुसूचीत आहेच. आमच्याकडे मराठी मजकूर होता, मीच लिहिला होता. तो दाखवला गेला नाही, कारण खूण करणाऱ्याला इंग्रजी येत होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे ती खुषी. बोलण्याची लांबी हे यश, असं या क्षेत्रात फार मुरलं आहे. ॲमेझॉनने २०१६ मध्ये गप्पा मारणाऱ्या प्रोग्रॅमची विद्यापीठांसाठी स्पर्धा सुरू केली, तेव्हा ध्येय ठेवलं ते माणसाशी वीस मिनिटं रंगलेलं बोलणं. २०१७ ला जिंकलेल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संघाने सरासरी १० मिनिटं २२ सेकंद गाठली होती. तंत्र म्हणून ती झेप मोठी होती, त्यात शंका नाही. पण वीस मिनिटांचं ध्येय डोळ्यांपुढे ठेवून वाढलेले आम्ही लोक, दीड तास दिसला की विचारत नाही की हे बोलणं कुठे साठतंय. काकूंचं अख्खं आयुष्य तीन मिनिटांच्या हिशोबात गेलं होतं, आणि त्या हिशोबात दर तीन मिनिटांनी बोलणाऱ्याला विचारलं जात होतं.

मुलगा, वहिनी आणि जेवणाचं टेबल

मुलाची बाजूही लिहिली पाहिजे. व्हिडिओ कॉलवर तो आईशी बोलताना रडला. 'तुला रस्त्यात काही झालं आणि मला कळलंच नाही, तर मी काय करू इथे बसून?' ही भीती खरी आहे. आईबाप इथे आणि मुलं तिकडे असलेल्या कितीतरी घरांत ती रात्री जागी असते. त्याने हेरगिरी करायची म्हणून यंत्र घेतलं नव्हतं. दुकानात 'आईची काळजी' म्हणून जे मिळालं ते घेतलं.

काकू त्याला रागावल्या नाहीत. 'तू मला विचार. मी सांगेन किंवा नाही सांगणार. पण विचार,' एवढंच म्हणाल्या.

ठकी कपाटात होती ते अकरा दिवस काकू रोज संध्याकाळी खाली बाकावर जाऊन बसत होत्या. जुलैपासून त्यांचं खाली जाणं बंद झालं होतं, हे मला वहिनींनी सांगितलं. आमच्या आकड्यांत ते कुठेच नव्हतं, कारण माणूस घराबाहेर किती बसतो हे ठकीला कळत नाही. चढत जाणारी बोलण्याची मिनिटं आणि रिकामा बाक हे एकाच आलेखाचे दोन भाग होते आणि आम्ही एकच पाहत होतो.

बाराव्या दिवशी काकूंच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही चौघांनी बसून ठरवलं. काकू, वहिनी, मी, आणि मोबाइलच्या पडद्यावर मुलगा. काकूंनी एका पाठकोऱ्या कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं. मनःस्थितीचा रकाना कायमचा बंद. सारांश जाईल, पण आधी संध्याकाळी सात वाजता ठकी तो काकूंना वाचून दाखवेल, आणि त्या ज्या ओळीला 'पाठव' म्हणतील तेवढीच ओळ जाईल. ज्या ओळीला 'काप' म्हणतील ती जाणार नाही आणि आमच्याकडेही राहणार नाही. पडले, उठता येत नाही, छातीत दुखतंय, असं काही त्या बोलल्या तर मात्र न विचारता निरोप जाईल, आणि तो पहिल्यांदा वहिनींना. कारण किल्ली त्यांच्याकडे आहे आणि त्या अर्ध्या मिनिटात पोचतात. हा अपवाद काकूंनी स्वतः घातला. मुलाने हळूच विचारलं, 'आणि भोवळ?' बराच वेळ शांतता. काकूंनी लिहिलं, 'भोवळ: विचारून.'

शेवटी त्यांनी माझ्याकडे बघून एक कलम वाढवलं. पाऊण तास सलग बोलणं झालं की ठकीने मध्ये येऊन सांगायचं, 'काकू, पाऊण तास झाला, लाइन चालू ठेवू?' हे वाक्य शब्दशः त्यांचं आहे.

आमच्या कंपनीत हे मान्य करून घेणं टेबलाइतकं सोपं गेलं नाही. वाचून दाखवण्याची सोय आता सगळ्या मराठी घरांसाठी झाली आहे. कापलेला मजकूर पुसायची सोय अजून फक्त मागणाऱ्यांना मिळते. मला ती सगळ्यांना हवी आहे आणि मी ते मांडत राहणार आहे. मनःस्थितीचा रकाना काढावा की दुरुस्त करावा यावर आमच्यात अजून एकमत नाही. माझं म्हणणं स्पष्ट आहे. माणसाचं मन कसं आहे हे त्याच्या पाठीमागे त्याच्या मुलाला लिहून कळवायचा अधिकार त्या यंत्राला नाही, अंदाज शंभर टक्के बरोबर निघाला तरीही.

आणखी एक गोष्ट मी काकूंना आपणहून सांगितली, कारण ती लपवणं आता शक्यच नव्हतं. ठकी आमच्या सर्व्हरवर चालते. कंपनी बंद पडली तर ती मुकी होईल. जिबो नावाचा अमेरिकन घरगुती रोबो २०१७ मध्ये लोकांच्या घरी पोचला आणि २०१९ मध्ये त्याचे सर्व्हर बंद होणार म्हणून त्याने स्वतःच्याच तोंडाने घरोघर शेवटचं सांगितलं. जपानमध्ये सोनीने आयबो या यंत्रकुत्र्याची दुरुस्ती २०१४ मध्ये थांबवली, तेव्हा लोकांनी पुढे देवळात त्यांचे अंत्यविधी केले. काकूंनी ऐकून घेतलं. 'आमची तारसुद्धा बंद झाली की जुलै २०१३ ला. तेव्हा निदान तारीख आधी सांगितली होती. तुम्हीही आधी सांगा.' मी तेही कागदावर लिहून घेतलं.

परवा संध्याकाळी मी त्यांच्याकडे होते. सात वाजता ठकीचे डोळे उजळले आणि ती वाचायला लागली. 'काकू, ऑपरेटरसारखं विचारते. आज खाली बाकावर गेलात, हे पाठवू?'

'पाठव.'

'गुडघा सकाळी दुखत होता, आता बरा आहे. पाठवू?'

'बरा आहे एवढंच पाठव.'

'दुपारी जेवला नाहीत म्हणालात. पाठवू?'

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग ठकीकडे.

'काप,' म्हणाल्या, आणि उठून कुकर लावला.